व्हायोलिन केबिनमध्ये मावतं का?

या शनिवारी सकाळी चहा घेता घेता मी परत एकदा आमच्या व्हायोलिनची पेटी मोजली. लांबी ७९ सेंटिमीटर. विमान कंपन्या केबिन बॅगेला साधारण ५५ सेंटिमीटर देतात. मागच्या वेळी मोजली तेव्हाही ७९च भरली होती, त्यामुळे यावेळी काही वेगळं निघेल अशी आशा निदान इंजिनिअर माणसाने तरी ठेवायला नको होती. पण पुढच्या महिन्यात माझी बंगळुरूला बदली होतेय आणि प्रश्न तोच आहे जो तीन वर्षांपूर्वी होता.. व्हायोलिनचं काय करायचं?

तीन वर्षांपूर्वीचा किस्सा आधी सांगतो. एका वर्षासाठी ऑनसाइट, जर्मनी. मध्यरात्रीची फ्लाइट, मुंबई विमानतळ. दोन बॅगा, लॅपटॉप आणि खांद्याला व्हायोलिन. काउंटरवरची मुलगी अगदी गोड हसून म्हणाली, "सर, हे चेक-इनमध्ये टाकावं लागेल."

मी तिला समजावलं. क्लायंटला प्रॉडक्शनमधला बग समजावतो त्याच शांतपणे समजावलं. म्हटलं, हे लाकूड आहे, सरसाने चिकटवलेलं. खाली सामानात थंडी आणि आपटाआपट झाली की सांधे सुटतात. आत एक काडी उभी असते, ती चिकटवलेली नसते, नुसत्या दाबावर उभी असते. ती पडली की आवाज गेला, आणि तशात तारा ताणलेल्या राहिल्या तर वरची फळीच चिरू शकते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि तीन पर्याय दिले. एक, 'फ्रॅजाइल'चं स्टिकर लावून खाली टाका आणि नुकसान झालं तर कंपनी जबाबदार नाही या कागदावर सही करा. दोन, व्हायोलिनसाठी वेगळी सीट विकत घ्या. तीन, ठेवून जा. सीटची किंमत व्हायोलिनच्या किमतीच्या दुपटीहून जास्त होती. मागे रांगेत लोक घसे खाकरायला लागले होते.

बाबा अजून काचेच्या बाहेरच उभे होते. गेटवरच्या जवानाला विनंती करून पेटी त्यांच्या हातात दिली. ते म्हणाले, "पुढच्या सीटवर ठेवतो. बेल्ट लावतो." म्हणजे सीट मिळाली म्हणायची, विमानात नाही तर आमच्या जुन्या गाडीत! :-)

आता या व्हायोलिनबद्दल थोडं. ते माझ्या आजोबांचं. आजोबा सांगलीकडे साखर कारखान्यात हिशेबनीस होते आणि संध्याकाळी नाटकाच्या तालमींना वाजवायचे. व्हायोलिनच्या पोटात डोकावलं की एक पिवळट चिठ्ठी दिसते, त्यावर लॅटिनमध्ये स्ट्रॅडिव्हेरियसचं नाव आणि सतराशे-काहीतरी साल. लहानपणी आमची ठाम समजूत होती की आपण कोट्यधीश आहोत, फक्त ते अजून कोणाला कळलेलं नाही. कॉलेजात असताना मुंबईला एका कारागिराकडे घेऊन गेलो. त्याने चिठ्ठी वाचायचेही कष्ट घेतले नाहीत. म्हणाला, "साहेब, अशी दोन स्ट्रॅडिव्हेरियस आत दुरुस्तीला पडलीयेत." जर्मन कारखान्यांतून अशी व्हायोलिनं ढिगाने निघाली. चिठ्ठीचा अर्थ एवढाच, की नमुना स्ट्रॅडिव्हरीचा. किंमत? फार तर पंचवीस हजार.

पण ही खोटी चिठ्ठी मला खऱ्या स्ट्रॅडिव्हेरियसच्या नादाला लावून गेली. आणि त्यातल्या एका व्हायोलिनची गोष्ट आज सांगायची आहे, कारण संगीत, पैसा आणि विमान हे तिन्ही त्या गोष्टीत आहेत.

सुरुवात तुम्हाला माहीत असलेल्या टोकापासून करू. जोशुआ बेलचा तो फॉरवर्ड तुम्हाला एकदा तरी आला असेलच. १२ जानेवारी २००७, वॉशिंग्टनचं मेट्रो स्टेशन, सकाळची ऑफिसची वेळ. जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक डोक्याला टोपी घालून ४३ मिनिटं वाजवतो. समोरून १०९७ माणसं जातात. थांबतात मोजून सात. पेटीत जमतात ३२ डॉलर आणि वर काही सेंट. (एका बाईंनी त्याला ओळखलं आणि वीस डॉलर टाकले, ते वेगळे.) वॉशिंग्टन पोस्टने केलेला हा प्रयोग होता. फॉरवर्डच्या शेवटी तात्पर्य असतं, की आपण धावपळीत सौंदर्य बघायला विसरतो वगैरे. असो. सकाळी ८:०५ची कंपनीची बस पकडणाऱ्या माणसाला हे तात्पर्य सांगणं सोपं आहे.

मला त्या गोष्टीत जास्त रस आहे तो बेलच्या हातातल्या लाकडात. ते व्हायोलिन स्ट्रॅडिव्हरीने १७१३ साली इटलीतल्या क्रेमोनात बनवलं. नाव 'गिब्सन एक्स हुबरमन'. म्हणजे एकेकाळी गिब्सन नावाच्या इंग्लिश वादकाकडे होतं आणि नंतर हुबरमनकडे. हा हुबरमन कोण?

ब्रोनिस्लाव्ह हुबरमन. जन्म १८८२, पोलंडमधलं चेन्स्टोहोवा. घरची परिस्थिती बेताची, मुलगा असामान्य. मग जे होतं तेच झालं.. बाप मुलाला गावोगाव फिरवायला लागला आणि घर मुलाच्या मैफलींवर चालू लागलं. आज टीव्हीवरच्या रिअ‍ॅलिटी शोमध्ये दहा वर्षांची पोरं रडताना बघतो, ते काही नवीन नाही. १८९६च्या जानेवारीत, वयाच्या तेराव्या वर्षी, त्याने व्हिएन्नात ब्राम्सचं व्हायोलिन कंचेर्टो वाजवलं आणि ऐकायला खुद्द ब्राम्स बसला होता! म्हातारा भारावून गेला. पुढे १९०३ मध्ये जिनोआ शहराने त्याला पागानिनीचं व्हायोलिन वाजवायला बोलावलं. थोडक्यात, पठ्ठ्या त्या काळातला सुपरस्टार होता.

पण नुसता सुपरस्टार असता तर मी हे लिहीत बसलो नसतो. पहिल्या महायुद्धानंतर हुबरमनला एक वेड लागलं. युरोपातल्या देशांनी भांडणं सोडून एकत्र यावं यासाठी त्याने लेख लिहिले, भाषणं दिली. मग १९३३ साली हिटलर आला. एप्रिलमध्ये कायदा झाला आणि ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढायला सुरुवात झाली. त्यात सरकारी ऑर्केस्ट्रांमधले वादकही आले. त्याच वर्षी फुर्टव्हेंगलर या बड्या कंडक्टरने हुबरमनला बर्लिनमध्ये वाजवण्याचं आमंत्रण दिलं. तुमच्यासाठी अपवाद करू, असा एकंदर सूर. हुबरमनने नकार दिला.

आणि मग त्याच्या डोक्यात कल्पना आली, ती नीट बघा. नोकरी गेलेले उत्तमोत्तम वादक युरोपभर पडून आहेत. त्यांना गोळा करायचं, पॅलेस्टाइनला न्यायचं आणि तिथे एक जागतिक दर्जाचा ऑर्केस्ट्रा उभा करायचा. स्टार्टअपवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर टॅलेंट उपलब्ध आहे, मार्केट माहीत नाही, फंडिंग शून्य. शिवाय पॅलेस्टाइनवर राज्य ब्रिटिशांचं आणि येणाऱ्यांच्या संख्येवर त्यांची मर्यादा, म्हणजे व्हिसाचा लफडा तेव्हाही होताच. आपल्यातल्या अर्ध्या लोकांना हे दुःख पाठ आहे. फरक एवढाच, की आपला व्हिसा नाकारला तर आपण पुण्यात राहतो.

हुबरमन पैसे उभे करायला अमेरिकेत गेला. मैफली करायच्या, श्रीमंतांना भेटायचं, देणग्या मागायच्या. आइन्स्टाइन त्याच्या मदतीला होता. २८ फेब्रुवारी १९३६ च्या रात्री न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मैफल होती. हुबरमनकडे दुहेरी पेटी होती. एक हे स्ट्रॅडिव्हेरियस आणि दुसरं ग्वार्नेरी. त्या वेळी तो स्टेजवर ग्वार्नेरी वाजवत होता. स्ट्रॅडिव्हेरियस मागे खोलीत, पेटीत. परत आला तेव्हा पेटीत जागा रिकामी!

हे व्हायोलिन त्याआधी १९१९ मध्ये व्हिएन्नाच्या हॉटेलातून एकदा चोरीला गेलं होतं. तेव्हा लवकर सापडलं. यावेळी नाही. विमा कंपनीने, लॉइड्सने, ३०,००० डॉलर दिले. हुबरमनला ते व्हायोलिन परत कधीच दिसलं नाही.

माझं नवं बाइक हेल्मेट चोरीला गेलं तेव्हा मी चार दिवस ऑफिसात कोणाशी धड बोललो नव्हतो. हा माणूस काय करतो? दौरा पुढे चालू ठेवतो. मार्चच्या सुरुवातीला जर्मनीतल्या बुद्धिवंतांना उद्देशून त्याचं खुलं पत्र मँचेस्टर गार्डियनमध्ये छापून येतं, तुम्ही गप्प का, असं विचारणारं. वादकांची निवड चालूच. या निवडीबद्दल वाचताना मी थांबलो होतो. हुबरमनला खैरात वाटायची नव्हती, त्याला पहिल्या दर्जाचा ऑर्केस्ट्रा हवा होता. म्हणजे ऑडिशन. चांगलं वाजवलं तर निवड, नाहीतर नाही. आपण देतो तशीच, पाच मिनिटांत निकाल लागणारी टेस्ट. पुढे पाच-सहा वर्षांत युरोपात काय होणार हे त्या खोलीतल्या कोणालाच माहीत नव्हतं. आज ते आपल्याला माहीत आहे, त्यामुळे निवड न झालेल्यांचा विचार मनातून जात नाही.

सुमारे सत्तर वादक निवडले गेले. त्यांच्या कुटुंबीयांना धरून हजाराच्या आसपास माणसं वाचली असं मानलं जातं. २६ डिसेंबर १९३६ ला तेल अवीवमध्ये पहिली मैफल झाली. कंडक्टर आर्तुरो तोस्कानिनी, त्या काळातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात तापट. त्याने या कामाचा एक पैसाही घेतला नाही. चोरी ते पहिली मैफल, हिशोब केला तर जेमतेम दहा महिने!

आता विमान. १९३७ मध्ये हुबरमन ऑस्ट्रेलियाचा दौरा आटोपून डच ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात होता. ऑक्टोबरमध्ये सुमात्रातल्या पालेंबांगजवळ त्याचं विमान कोसळलं. काही जण जागीच गेले. हुबरमन वाचला, पण मनगट मोडलं, बोटं मोडली. व्हायोलिनवादकाचा डावा हात म्हणजे काय हे सांगायला नको. एक मिलिमीटर इकडे-तिकडे झालं तर सूर गेला. वय ५४. कोणीही म्हणालं असतं, की बास झालं आता. त्याने महिनोन् महिने व्यायाम केले, लहान मुलासारखी सुरुवातीपासून बोटं बसवली आणि १९३८ मध्ये परत स्टेजवर उभा राहिला.

सगळ्यांचं नशीब इतकं चांगलं नव्हतं. जिनेट नव्हू ही फ्रेंच मुलगी पंधराव्या वर्षी, १९३५ साली, वॉर्सातल्या स्पर्धेत पहिली आली. दुसरा नंबर कोणाचा? दाविद ओइस्त्राखचा! २८ ऑक्टोबर १९४९ ला अमेरिकेला निघालेलं तिचं विमान अझोर्स बेटांवर डोंगराला धडकलं. बरोबर तिला पियानोची साथ करणारा भाऊही होता. कोणीच वाचलं नाही. ती तीस वर्षांची होती, म्हणजे साधारण आपल्या वयाची. १ सप्टेंबर १९५३ ला झाक तिबो जपानच्या दौऱ्यावर निघाला असताना त्याचं विमान आल्प्समध्ये कोसळलं. त्याच्याबरोबर १७२०चं स्ट्रॅडिव्हेरियसही गेलं. मैफलीच्या दौऱ्यांना जहाजाऐवजी विमान मिळालं, महिन्यांचे प्रवास दिवसांवर आले, जास्त मैफली म्हणजे जास्त पैसे. त्या पैशांची ही दुसरी बाजू.

चोरलेल्या व्हायोलिनचं काय झालं? ते होतं न्यूयॉर्कमध्येच, ज्युलियन आल्टमन नावाच्या विशीतल्या वादकाकडे. कार्नेगी हॉलजवळच्या रेस्टॉरंटमध्ये तो वाजवायचा. त्याच्या म्हणण्यानुसार त्याने ते चोराकडून शंभर डॉलरला घेतलं, पण चोरी त्यानेच केली असंही अनेकांचं मत आहे. ओळखू येऊ नये म्हणून त्याने वर बुटाचं पॉलिश फासलं. आणि मग? वाजवलं. जवळजवळ पन्नास वर्षं. हॉटेलांत, पार्ट्यांत, काही काळ वॉशिंग्टनच्या नॅशनल सिम्फनीमध्येसुद्धा. समोर जेवणारी माणसं स्ट्रॅडिव्हेरियस ऐकत होती आणि सूप गार झालं म्हणून कुरकुरत होती. मेट्रोतला प्रयोग तिथे पाच दशकं रोज चालू होता म्हणा ना.

१९८५ मध्ये मरायच्या आधी, तुरुंगात असताना, त्याने बायकोला सांगितलं की पेटी नीट बघ. पेटीत १९३६ सालच्या चोरीच्या बातम्यांची कात्रणं होती. व्हायोलिन लॉइड्सकडे परत गेलं, बाईंना बक्षीस म्हणून २,६३,००० डॉलर मिळाले. लंडनमध्ये पॉलिश काढायला नऊ महिने लागले. १९८८ मध्ये नॉर्बर्ट ब्रेनिन या वादकाने ते १२ लाख डॉलरला घेतलं आणि २००१ मध्ये जोशुआ बेलने जवळपास ४० लाखांना.

सवयीप्रमाणे मी हे आकडे एक्सेलमध्ये टाकले. ३० हजाराचे ६५ वर्षांत ४० लाख, म्हणजे वर्षाला साधारण पावणेआठ टक्के. डॉलर-रुपयाचा फरक सोडा, पण आकडा आपल्या पीपीएफच्या आसपासचाच! जगातली सगळ्यात रोमांचक गुंतवणूक, आणि आमचे हिशेबनीस आजोबा म्हणाले असते, पोस्टात टाक. :-)

मुंबईशीही या गोष्टीचा एक धागा आहे. ज्या वर्षी हे व्हायोलिन चोरीला गेलं आणि तो ऑर्केस्ट्रा उभा राहिला, त्याच १९३६च्या एप्रिलमध्ये मुंबईत झुबिन मेहतांचा जन्म झाला. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक, आदल्याच वर्षी त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला होता. हुबरमनचा ऑर्केस्ट्रा पुढे इस्रायल फिलहार्मोनिक झाला. झुबिन मेहता तिथे पहिल्यांदा १९६१ मध्ये उभे राहिले आणि १९७७ पासून २०१९ पर्यंत त्याचे संगीत दिग्दर्शक होते. १९६७च्या युद्धात दारूगोळ्याच्या पेट्या भरलेल्या विमानातून आपण तेल अवीवला गेलो होतो, असं ते सांगतात. म्हणजे त्या विमानात पेट्यांना जागा होती, फक्त व्हायोलिनच्या नव्हे!

हुबरमन १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारला. व्हायोलिन तेव्हा कुठल्यातरी हॉटेलात वाजत होतं.

आता परत माझ्या पेटीकडे. जर्मनीहून वर्षाने परतलो. बाबांनी पेटी कपाटाच्या वरच्या खणात, जुन्या शालीत गुंडाळून ठेवली होती. उघडली तर घोडी आडवी पडलेली आणि हलवलं की आत काडी खुळखुळ वाजतेय. विमानतळावर मी ज्याची भीती घालत होतो, नेमकं तेच, घरच्या कपाटात! झालं असं, की मी गेल्यावर महिनाभरात बाबांनी खुंट्या पिळून चारही तारा एकदम सैल केल्या. का, तर "इतके दिवस ताणून राहिल्या तर बिचारीला त्रास होईल." ताण गेला, घोडी पडली, काडी पडली. त्यांना ते त्याच दिवशी कळलं होतं. वर्षभर दर रविवारी फोनवर मी विचारायचो, व्हायोलिन कसंय? आणि ते म्हणायचे, मस्त आहे.

त्या कारागिराने पंधरा मिनिटांत काडी उभी केली. सहाशे रुपये. मी हसलो, पण बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं वाजवलं. माझ्याच्याने एक वर्ष नुसतं ठेवून झालं नाही."

परवा बदलीचं सांगितलं, तेव्हा मी आपला सहज म्हणून गेलो, की व्हायोलिन इथेच ठेवतो, तिकडे खोली लहान आहे, वेळ मिळणार नाही. खरं तर गेलं वर्षभर मी आठवड्यातून एकदासुद्धा धड हातात घेतलेलं नाही, रिलीज, रिलीज आणि रिलीज. बाबा ताटावरून न उठता एवढंच म्हणाले, "घेऊन जा. ती जोखीम आता माझ्याच्याने व्हायची नाही." त्यांचं वय आता ६६ आहे आणि कपाटाचा वरचा खण त्यांना स्टुलाशिवाय लागत नाही.

सांभाळायला म्हणून व्हायोलिन कुठे ठेवावं? हुबरमनने जीवापाड जपलेलं खोलीत ठेवल्यावर गेलं. चोराने बुटाचं पॉलिश फासून रोज वाजवलेलं टिकलं. यातून नियम काढायचा मोह होतो, पण दोन-तीन उदाहरणांवरून नियम काढू नये हे टेस्टिंगवाल्यांनी मला चांगलंच शिकवलंय. मला माझ्यापुरतं एवढंच कळतं, की कपाटात ते सुरक्षित होतं हा माझा समज होता, आणि त्या समजाचं ओझं वर्षभर बाबांनी एकट्याने वाहिलं.

अमेरिकेत २०१२ मध्ये कायदा झाला, की जागा असेल तर छोटं वाद्य केबिनमध्ये न्यायला द्यावं. आपल्याकडे त्या काउंटरवरच्या मुलीचा मूड कसा आहे यावर बरंच अवलंबून. म्हणून मी तो प्रश्नच निकालात काढलाय. काल रात्री बंगळुरूचं रेल्वेचं तिकीट काढलं, लोअर बर्थ. रात्रभर उशाशी पेटी. रेल्वेत आजवर मला कोणी सेंटिमीटर विचारलेले नाहीत.

राळ संपलीये, ती आज आणायची आहे. संध्याकाळी बाबा येणार आहेत. त्यांना सगळ्या तारा एकदम का सैल करायच्या नाहीत ते दाखवणार आहे, आणि मग बसून काहीतरी वाजवेन म्हणतो. बेसूर होणार हे नक्की. शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेवलंय!